बाळ बसलं का, हे नंतर विचारा

तान्हं बाळ असलेल्या घरी कुणीही आलं की प्रश्न ठरलेले असतात. मान धरली का? पालथा पडतो का? बसायला लागली का? दात आले का? शेजारच्या विंगमधल्या काकूंपासून गावाहून आलेल्या आत्यापर्यंत सगळे हेच विचारतात. उत्तर 'अजून नाही' असलं की पुढचं वाक्यही ठरलेलं: 'आमचा तर पाचव्या महिन्यात बसला होता.' यातला दातांचा प्रश्न सरळ सोडून द्यावा. दात चौथ्या महिन्यात येवोत की बाराव्यात, त्यावरून बाळाच्या मेंदूबद्दल काही कळत नाही. बाकीचे प्रश्न अगदीच निरर्थक नाहीत, पण सगळे हातापायांचे आहेत. बाळ तुमच्या तोंडाकडे टक लावून बघतं का, हसलात की हसतं का, आवाज आला त्या बाजूला वळतं का, हे क्वचितच कुणी विचारतं. पहिल्या सहा-आठ महिन्यांत मात्र डॉक्टरला सगळ्यात जास्त सांगून जातात ती याच प्रश्नांची उत्तरं.

आधी आकडे बघू, कारण तुलनेचं भूत त्यांनीच उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलांच्या वाढीचा मोठा अभ्यास केला. वजन-उंचीचे आज वापरात असलेले आलेख त्यातूनच आले. सहापैकी पाच देशांत, म्हणजे भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथे, मुलं कधी बसली, कधी उभी राहिली, कधी चालली याच्याही नोंदी ठेवल्या. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. मुलं मुद्दाम निरोगी, आईच्या दुधावर वाढलेली आणि खाऊनपिऊन सुखी घरातली निवडली होती, म्हणजे वाढीत बाहेरची आडकाठी नको. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय बसण्याचा काळ निघाला ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगण्याचा ५.२ ते १३.५ महिने. एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. पाचव्या महिन्यात बसलेला काकूंचा नातू आणि नवव्या महिन्याच्या तोंडावर बसलेली तुमची लेक, दोघंही याच निरोगी मुलांत मोडतात. शिवाय चार टक्क्यांहून थोडी अधिक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अशी मुलं बुडावर सरकतात, पोटावर फरपटत पुढे जातात किंवा एकदम काहीतरी धरून उभी राहतात. रांगला नाही म्हणून नंतर अभ्यासात मागे पडेल, असं कुणी सांगितलं तर एका कानाने ऐकून सोडून द्यावं.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये बाळ कोणत्या वयात काय करतं याची आपली यादी बदलली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा होता. आधीच्या यादीतली वयं साधारण 'निम्मी मुलं हे करतात' अशा बेताची होती. आता किमान ७५ टक्के मुलं ज्या वयात एखादी गोष्ट करतात, ते वय धरलं जातं. जुन्या पद्धतीचा घोळ उघड आहे: निम्म्या मुलांनी जमवलं तेच वय छापलं, तर उरलेल्या निम्म्या आईबापांना 'आमच्याकडे अजून नाही' असंच वाटणार. मग डॉक्टर म्हणणार, थांबून बघू. आणि ज्याला खरंच मदतीची गरज आहे असं बाळही त्याच 'थांबून बघू'च्या रांगेत महिनेच्या महिने उभं राहणार.

'मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात' हेही या रांगेतलं नेहमीचं वाक्य. अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान अशा चार देशांतल्या निरोगी मुलांचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पहिल्या तीन वर्षांतले बहुतेक टप्पे मुलगे आणि मुली जवळपास एकाच वयात गाठताना दिसले, आणि देशादेशांतही फारसा फरक नव्हता. फरक दिसला तो मुख्यतः आपल्या हाताने खाण्यासारख्या, घरच्या सवयींवर अवलंबून असलेल्या गोष्टींत. मुलगा असणं हे काही थांबून राहण्याचं कारण नव्हे.

वरून खाली, आतून बाहेर

हे सगळं ज्या क्रमाने घडतं, त्याला कारण आहे. जन्मतः मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या बऱ्याच मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण पुरतं चढलेलं नसतं. विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकसारखंच ते काम करतं: आवरण असलं की संदेश न गळता, वेगाने पोचतो. हालचालींवरचा ताबा डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे येत जातो. म्हणून आधी मान सावरते, साधारण तीन-चार महिन्यांत. मग खांदे आणि पाठ, म्हणून चार ते सहा महिन्यांत पालथं पडणं. मग कंबर, म्हणून बसणं. पाय सगळ्यात शेवटी. डॉक्टर दर खेपेला टेपने डोक्याचा घेर मोजतात, तोही मेंदूच्या वाढीचाच हिशेब. जन्मतः साधारण ३४-३५ सेंटिमीटर असलेला घेर वर्षभरात बारा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. नंतर आयुष्यभरात तो इतक्या वेगाने कधीच वाढत नाही.

हाताची गोष्ट यात सगळ्यात गमतीची. पहिल्या दिवसाच्या बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की ते घट्ट धरतं आणि आजी म्हणते, 'बघा, ओळखलं!' ओळख वगैरे काही नसते. ती आपोआप होणारी क्रिया आहे, आणि ती मावळल्याशिवाय बाळाला मनाने वस्तू धरता येत नाही. तीनेक महिन्यांत मुठी सैल होतात, बाळ स्वतःचेच हात डोळ्यांसमोर धरून बघत बसतं, दोन्ही हात छातीवर एकत्र आणतं. चार-पाच महिन्यांत खुळखुळ्याकडे हात जातो. सहाच्या सुमाराला एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात जाते. नऊ-दहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा येतो. तो लगेच तोंडात जातो, आणि चुरमुरा श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून तेव्हापासून जमिनीवर काय पडलंय याची काळजी वेगळी.

इथे एक गोष्ट घराघरांत चुकीच्या अर्थाने घेतली जाते. पाच-सहा महिन्यांचं बाळ सारखा डावाच हात पुढे करतं आणि उजव्याची मूठ मिटलेलीच ठेवतं, तर 'डावखुरा होणार' म्हणून कौतुक होतं. या वयात हाताची अशी पक्की निवड व्हायला नको. पहिलं वर्ष होण्याआधी बाळ एकच हात वापरत असेल, तर प्रश्न दुसऱ्या हाताचा असतो: तो कमजोर किंवा ताठ तर नाही ना? कौतुक नंतर करावं, आधी डॉक्टरला दाखवावं.

नवजात बाळाला काखेत धरून पाय टेकवले की ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. मेंदू वाढला की ही उपजत क्रिया दबते, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांनी १९८०च्या दशकात एक साधा प्रयोग केला: पावलं टाकणं कमी झालेल्या बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं. बाळं पुन्हा जास्त पावलं टाकू लागली! पायांवर चरबी चढली होती, स्नायूंची ताकद त्या मानाने कमी होती, आणि पाण्याने वजन पेललं. विकास म्हणजे मेंदूत आधीपासून लावलेला गजर नव्हे. शरीराचं वजन, ताकद, जागा आणि सराव, सगळं त्यात येतं.

जागेचा प्रश्न

आणि जागा म्हटलं की मुंबई. वन रूम किचनमध्ये किंवा चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बाळ जमिनीवर ठेवायचं तरी कुठे? ते बेडवर, झोळीत नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर असतं. मऊ गादीवर ढकलायला काही घट्ट सापडत नाही, झोळीत वळता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात 'पालथा पडत नाही' म्हणून चिंता करणाऱ्या घरांत आधी बघावं, बाळाला पालथं पडायला जमीन मिळते का.

झोपवायचं मात्र पाठीवरच. पोटावर झोपवल्याने अचानक बाळ दगावण्याचा धोका वाढतो हे स्पष्ट झाल्यावर १९९०च्या दशकात अमेरिकेसह अनेक देशांत तशा मोहिमा झाल्या. त्यानंतर असं आढळलं की पाठीवर झोपणारी बाळं पालथी पडायला आणि रांगायला थोडा उशीर लावतात, चालतात मात्र त्याच वयात. जमिनीवरच्या वेळेने ही तूट भरून निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीप्रमाणे, अजून सरकू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पोटावर ठेवावं. एका दमात नाही. दोन-दोन, तीन-तीन मिनिटं, सतरंजीवर किंवा दुपट्यावर, समोर कुणीतरी लोळून गप्पा मारायला. अंघोळ घालणाऱ्या बाई मालीश करताना बाळाला पायांवर पालथं घेतात, तेव्हाही मानेचा व्यायाम होतोच. त्या घेतात त्या 'कसरती' मात्र मला पसंत नाहीत. हात-पाय ओढून, उलटं धरून, झटके देऊन बाळ लवकर बसत नाही, दुखापत होऊ शकते.

वॉकरबद्दल एकाच वाक्यात: कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, कारण त्यात बाळ लवकर चालायला शिकत नाही आणि जिन्यावरून गडगडतं.

डोळे, हसू, कान

नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, पलीकडचं धूसर. अंगावर पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. महिन्याभरात ते चेहऱ्यावर नजर ठरवतं, दोन महिन्यांत हलत्या चेहऱ्याबरोबर नजर फिरवतं. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला पहिलं खरं हसू येतं. झोपेत ओठ हलतात ते हे नव्हे. खऱ्या हसण्यात तुम्ही हसता, बोलता, आणि त्याला उत्तर म्हणून बाळ हसतं, डोळ्यांसकट. एवढ्याशा गोष्टीत बघणं, ओळखणं, चेहऱ्याचे स्नायू आणि समोरच्या माणसात रस, सगळं एकदम तपासलं जातं. म्हणून तीन महिने होऊनही बाळ कुणाकडे बघून हसत नसेल, तर मी त्याला नवव्या महिन्यात न बसण्याइतकंच गंभीर मानेन. तिथे आणखी वाट बघत बसू नये, आणि बाळाला दृष्ट लागली म्हणून ते हसत नाही, असंही मानू नये. चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा दिसतो, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक येते, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे लगेच जावं. पांढरी चमक डोळ्यातल्या गाठीची किंवा मोतीबिंदूची असू शकते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, आणि काही काजळांत शिसं सापडलेलं आहे.

कानांची फसवणूक जास्त खोल आहे. बाळाला पोटात असल्यापासून ऐकू येतं आणि जन्मतःच आईचा आवाज ते वेगळा ओळखतं. पण ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला 'आऽ', 'गूऽ' असे आवाज काढतं, हसतं, रडतं, माणसाकडे बघतं. घरच्यांना शंकाही येत नाही. फरक पडतो तो सहा महिन्यांनंतर: ऐकणारं बाळ 'बाबाबा', 'दादादा' असे सूर लावू लागतं, न ऐकणाऱ्याचे आवाज विरळ होत जातात. ताट-वाटी वाजवून केलेली परीक्षाही खोटी ठरू शकते, कारण बाळ तुमचा हात बघून किंवा जमिनीचा हादरा जाणवून दचकतं. उलटही घडतं. रुळांलगतच्या इमारतीतलं बाळ लोकल धडधडत गेली तरी झोपून राहतं आणि घरचे घाबरतात. ओळखीच्या, रोजच्या आवाजाला झोपेत प्रतिसाद न देणं ही मेंदूची नेहमीची युक्ती आहे. जागं असताना, मागून, शांत खोलीत हाक मारली की काय होतं ते बघा.

खरी परीक्षा यंत्राने होते, झोपलेल्या बाळाच्या कानाशी छोटं उपकरण लावून, काही मिनिटांत, न दुखवता. जगभर मानलेला हिशेब असा: पहिल्या महिन्यात चाचणी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. प्रसूती झालेल्या ठिकाणी ही चाचणी झाली नसेल, तर ती मागून घ्यावी. वांद्र्याला १९८३ पासून वाणी आणि श्रवण दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईकरांना लांब जायचं कारण नाही.

घाई कशासाठी, याचं एक उत्तर आपल्याच भाषांमध्ये आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये कॅनडात दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक कळतो, आणि वर्षाच्या आसपास तो कळेनासा होतो, कारण इंग्रजीत त्याची गरज नसते. मराठी बाळाला तो रोज ऐकून टिकवता येतो. म्हणजे तोंडातून एकही शब्द निघण्याआधी कान भाषेसाठी कोरले जात असतात, आणि त्या महिन्यांत आवाजच पोचला नाही तर ते काम राहून जातं. घरात आई मराठी बोलते, सांभाळणारी मावशी हिंदी आणि शेजारी गुजराती, याने बाळ गोंधळत नाही. दोन-तीन भाषांतलं घर हे बोलायला उशीर होण्याचं कारण नसतं. फोनवरची गाणी मात्र भाषा शिकवत नाहीत, ती बाळाच्या हुंकाराला थांबून उत्तर देत नाहीत. एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल होत असेल तर मी त्यावरून कुणाशी भांडणार नाही.

सात-आठ महिन्यांत बाळ अनोळखी माणसाला बघून रडू लागतं, पदराआड लपलेला चेहरा परत येईल हे त्याला कळू लागतं, आणि आई दिसेनाशी झाली की कासावीस होतं. हा बिघाड नव्हे, ओळखीची पावती आहे. नोकरी करणाऱ्या आईची पंचाईत अशी की २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा नेमकी याच्या थोडं आधी संपते. पाळणाघराची किंवा सांभाळणाऱ्या बाईंची ओळख रजेतच, पाचव्या महिन्याच्या आसपास करून दिली तर पुढचं रडं कमी होतं.

वय मोजायचं कसं आणि जायचं कुठे

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोनदा मोजावं लागतं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं. चार महिन्यांचं झालं तरी टप्प्यांच्या बाबतीत ते दोन महिन्यांचं धरायचं, आणि हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालवायचा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

लसींच्याच तारखा विकास तपासायलाही सोयीच्या आहेत: सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने. पालिकेच्या हेल्थ पोस्टवर सुई टोचून लगेच बाहेर पडू नये. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात काय बघायचं याची चित्रं असतात, ती उघडून दाखवावी आणि विचारावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधूनच झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर शोधून पुढे पाठवणं हे त्याचं काम. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून विकासात अडथळे असलेल्या मुलांसाठी काम करते.

कशासाठी थांबायचं नाही? तीन महिन्यांनंतर नजरेला नजर किंवा हसू नाही. चार-पाच महिने झाले तरी मान लटपटते, किंवा मुठी सतत आवळलेल्या. अंग कायम ताठ किंवा अगदी लुळं. शरीराची एकच बाजू हलते. सहा-सात महिन्यांत आवाजाकडे वळत नाही. नऊ महिन्यांच्या पुढे आधाराशिवाय बसत नाही, किंवा तोंडातून 'बाबा-दादा' असे कुठलेच सूर नाहीत. आणि कुठल्याही वयात, येत असलेली गोष्ट बंद झाली: हसत होतं ते हसेना, धरत होतं ते धरेना. या शेवटच्या बाबतीत पुढच्या लसीची तारीखही बघू नये. निदानाचं नाव पक्कं होईपर्यंत व्यायाम आणि थेरपी अडवून ठेवायची गरज नसते, दोन्ही बरोबर सुरू होऊ शकतात.

ओपीडीच्या गर्दीत बाळ हमखास झोपतं नाहीतर टाहो फोडतं, आणि घरी करतं ते तिथे काहीच करून दाखवत नाही. म्हणून घरी, बाळ जागं आणि पोट भरलेलं असताना, एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्यावा: अंगावर कमीत कमी कपडे, दोन्ही हात आणि दोन्ही पाय चौकटीत, थोडा वेळ पाठीवर, थोडा वेळ पोटावर, आणि मध्येच त्याला नावाने हाक मारलेली.